‘निर्घृण’मधली दया

महोदय,

गेल्या आठवड्यात माझी आठवीतली नात आपल्या दैनिकातील एक बातमी मोठ्याने वाचत असता ‘निघृण हत्या’ या शब्दांपाशी अडखळली आणि, घृणा म्हणजे तिरस्कार असे हिंदीच्या तासाला शिकलेली असल्यामुळे, ‘आजोबा, किळस न येणारी हत्या म्हणजे कसली?’ असे तिने विचारले. प्रश्न बिनतोड होता. संस्कृतात ‘घृणा’ या शब्दाला जुगुप्सा आणि दया असे दोन्ही अर्थ असून अमरकोशाने त्याला करुणा, कृपा, दया, अनुकंपा यांच्या पंक्तीला बसवले आहे. ब्रह्मसूत्रांत तर ईश्वरावर येणाऱ्या निर्दयपणाच्या आक्षेपाला ‘नैर्घृण्य’ असाच शब्द आहे. मराठीत सुटी ‘घृणा’ किळसेपुरती उरली, ‘निर्घृण’मध्ये मात्र जुनी दया टिकून राहिली. ज्याच्या मनाला दया शिवत नाही, तो निर्घृण.

बातमीत छापलेला शब्द तर ‘निर्घृण’ नव्हताच, कारण त्यावरचा रफार गळाला होता. एकाच अक्षराच्या डोक्यावर रफार आणि पायाशी ऋकार आला की नजर चुकते, हे मुद्रितशोधनात हयात गेल्यामुळे मी जाणतो. पण छपाईसाठी अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवण्याच्या काळी रफार मोडला असे सांगता तरी येत असे. आपल्या उपसंपादकांनी एवढा रफार सांभाळावा, ही विनंती.

त्याहून खटकते ती सवय. खून म्हटला की हे विशेषण आपोआप चिकटत असल्याने निर्घृण म्हणजे रक्तबंबाळ, अशी वाचकांची समजूत होऊन बसली आहे. वास्तविक हा शब्द वारांची संख्या सांगत नाही, करणाऱ्याचे मन सांगतो. आमच्या संकुलात मध्यंतरी घरकाम करणाऱ्या एका बाईंना, गुडघ्याला बांधलेला पट्टा दिसत असूनही, रहिवाशांची लिफ्ट नाकारून सातव्या मजल्यावर जिन्याने पाठवण्यात आले. सोसायटीच्या सभेत मी या वागण्याला निर्घृण म्हटले, तेव्हा ‘काका, इथे कोणी कोणाचा खून केला आहे का?’ असे मला विचारण्यात आले.

– एक निवृत्त मुद्रितशोधक, घोडबंदर रस्ता, ठाणे (प.)