गुरुवारी डॉक्टरांकडे जाण्याआधी

ठाणे, रविवार, ११ जुलै २०२१

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

एकाच घरात राहून पत्र लिहिते आहे, कारण आपल्या दोन खोल्यांच्या घरात एका खोलीत बोललेले दुसऱ्या खोलीत आजीला ऐकू जाते, आणि जे मला बोलायचे आहे ते तुझ्या संमतीवाचून आणखी कुणाच्या कानावर जावे असे मला वाटत नाही. शिवाय हल्ली एक पानही सलग वाचून होत नाही, असे तूच मला सांगितलेस. म्हणून हे थोडे थोडे वाच. एका बैठकीत संपले नाही तरी चालेल.

परवा रात्री तू जे म्हणालास ते माझ्या मनातून जात नाही. समोरच्या घरातले काका एप्रिलमध्ये गेले, त्यांना ऑक्सिजनची खाट मिळेपर्यंत फार उशीर झाला होता. तुझ्या मित्राच्या वडिलांची नोकरी गेली आणि तो आता पार्सल पोहोचवतो. आणि 'मी मात्र घरात बसून आयते जेवतो आहे, माझे काहीच गेलेले नाही, मग मला उदास व्हायचा अधिकार काय,' असे तू विचारलेस. विचारताना तुझ्या आवाजात स्वतःविषयी जो राग होता, तो मला तुझ्या उदासीपेक्षाही अधिक काळजीचा वाटला.

बाळा, कुणाचे किती गेले याच्या हिशेबावर आजार ठरत नाही. एप्रिलमध्ये ज्याच्या बोटावरचा ऑक्सिमीटर ९१ दाखवत होता, त्याला शेजारच्याचा ८४ आहे म्हणून कुणी घरी बसवून ठेवले नाही; दोघांनाही उपचार हवे होते. आणि एक गोष्ट तू नीट समजून घ्यावीस असे मला फार वाटते. दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ, बहुतेक रोज, मन खचलेले राहणे किंवा कशातच रस न वाटणे, झोप आणि भूक बिघडणे, थकवा, एकाग्रता न होणे ही नैराश्याची लक्षणे डॉक्टर जशी मोजतात, तशीच आपण निकामी आहोत असे वाटणे आणि विनाकारण अपराधी वाटत राहणे हीदेखील लक्षणेच मोजतात. म्हणजे 'मला अधिकार काय' हा जो प्रश्न तुला आपल्या सद्सद्विवेकाचा वाटतो, तो बहुधा आजारच तुझ्या तोंडून विचारतो आहे. तापात अंग तापते, तसे यात मन स्वतःलाच दोष देत सुटते.

मी जे पाहते आहे तेही लिहिते, कारण गुरुवारी डॉक्टर विचारतील तेव्हा तुला सगळे आठवेलच असे नाही. पहाटे चार वाजेपर्यंत तुझ्या खोलीतला दिवा चालू असतो आणि तू दुपारी उठतोस. लॅपटॉपवर सरांचे व्याख्यान चालू असते, कॅमेरा बंद असतो आणि तू भिंतीकडे तोंड करून पडलेला असतोस. आंघोळीचा तुला कंटाळा नाही, तेवढे उठणेच तुझ्याच्याने होत नाही, हे मला दिसते. पूर्वी पहाटे उपवन तलावाला दोन फेऱ्या मारून येणारा मुलगा आता दूध आणायला खाली उतरत नाही. तुझ्या जुन्या मित्रांचे फोन माझ्या फोनवर येऊ लागले आहेत. यात मला आळस कुठेही दिसत नाही. आळशी माणूस मजेत असतो.

तुझे काहीच गेले नाही, हेही खरे नाही. येत्या शुक्रवारी तुझ्या बारावीच्या निकालाला एक वर्ष होईल. १६ जुलै २०२० ला निकाल लागला तेव्हा तू प्रवेश कुठे घ्यायचा हे आधीच ठरवले होतेस, आणि ते विज्ञान शाखेपेक्षा त्या कॉलेजच्या नाट्यमंडळाकडे पाहून ठरवले होतेस, हे मला ठाऊक होते. एकांकिकेची प्रकाशयोजना करायची, रात्रभर तालमी करायच्या, स्पर्धेच्या आदल्या दिवशी नेपथ्य टेम्पोत चढवायचे, हे सगळे तू गडकरी रंगायतनच्या मागच्या रांगेत बसून वर्षानुवर्षे मनात रचत आला होतास. प्रत्यक्षात पहिले वर्ष संपले तरी तू त्या कॉलेजचा जिना चढलेला नाहीस. रसायनशास्त्राचे प्रॅक्टिकल तू व्हिडिओवर पाहिलेस; ब्युरेटचा नळ स्वतःच्या हाताने फिरवला नाहीस. परीक्षा झाली ती बहुपर्यायी प्रश्नांची, घरी बसून, आणि त्यातले चांगले गुण पाहून तुला आनंदाऐवजी ते आपले नाहीतच असे वाटले. जे अजून मिळालेच नव्हते ते गेले, तर त्याचे दुःख कुणापाशी करायचे? त्याला ना सुतक असते, ना भेटायला येणारी माणसे.

आणि केवळ स्वप्नाचाच प्रश्न नाही. कॉलेजात जाणाऱ्या मुलाचा दिवस अनेक लहान गोष्टी मिळून उभा ठेवतात: ठराविक लोकल पकडण्यासाठी उठणे, सकाळचे ऊन अंगावर घेत स्टेशनपर्यंत चालणे, डब्यातली गर्दी, कँटीनमधला चहा, दाराशी अडवून टोमणा मारणारा मित्र. सकाळच्या उजेडावर शरीराचे घड्याळ लागते, आणि ठरलेल्या वेळी उठण्यावर पुढची झोप अवलंबून असते. गेल्या वर्षी मार्चमध्ये लोकल बंद झाली तेव्हा हे सगळे एकदम तुटले, आणि आजही विद्यार्थ्यांना लोकलचे दार उघडलेले नाही. एकदा घड्याळ बिघडले की झोप जाते, झोप गेली की दिवसा काही होत नाही, काही झाले नाही म्हणून रात्री मन खात बसते, आणि दुसरा दिवस आणखी उशिरा सुरू होतो. तुझ्या वयाच्या कितीतरी मुलांचे असे झाले असेल. पण 'सगळ्यांचेच असे आहे' हे वाक्य मी तुला धीर देण्यासाठी वापरणार नाही. सगळ्यांचे असले म्हणून तुझे कमी होत नाही.

डॉक्टरांचे नाव काढले की आजी गप्प होते. तिच्या पिढीला 'ठाण्याला पाठवा' एवढेच ऐकून माहीत आहे. १९०१ पासून आपल्या गावात मनोरुग्णालय आहे आणि महाराष्ट्रभर लोकांनी गावाच्या नावाची थट्टा केली, त्या थट्टेने किती घरांनी आपली दुखणी झाकून ठेवली असतील याची मोजदाद नाही. याच ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी आय.पी.एच. ही संस्था सुरू केली, आणि मनाच्या दुखण्यासाठी सरळ दरवाजातून आत जाता येते हे अनेक कुटुंबांना दाखवले. तरीही बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात नैराश्य असलेल्या सुमारे ८५ टक्के लोकांना उपचारच मिळत नसल्याचे दिसले. त्या मोठ्या गटात माझा मुलगा असू नये, एवढा माझा हट्ट आहे. आजीची समजूत मी घालीन. ते ओझे तुझ्यावर नाही.

गुरुवारी अकरा वाजता मनोविकारतज्ज्ञांची वेळ घेतली आहे. मी सोबत येईन, पण आत तू एकटाच बोलायचे आहेस. तू सज्ञान आहेस, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुझी माहिती गुप्त राखणे हे डॉक्टरांवर बंधन आहे. कुणाच्या जिवाला धोका असेल अशासारखे थोडे अपवाद सोडले, तर तू आत काय बोललास हे ते मलाही सांगणार नाहीत, आणि मीही बाहेर येताच तुला विचारणार नाही. ते कदाचित केवळ समुपदेशन सुचवतील, कदाचित गोळ्याही देतील. गोळ्या दिल्या तर त्यांचा गुण साधारण दोन ते चार आठवड्यांनी जाणवू लागतो, त्यामुळे चार दिवसांत फरक नाही म्हणून निराश होऊ नकोस. तुझ्या वयात सुरुवातीच्या दिवसांत कधी कधी बेचैनी वाढते; तसे झाले तर लगेच सांग, आपण त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करू. बरे वाटले म्हणून त्या आपल्या मनाने बंदही करायच्या नाहीत. खर्चाचा विचार तू करू नयेस. बाबांच्या पगारात कपात झाली आहे हे तुला कळले आहे, पण या खर्चाबद्दल आमचे बोलणे झाले आहे आणि ते संपलेही आहे.

आता एक गोष्ट स्पष्ट विचारते, कारण असे विचारल्याने मनात नसलेला विचार येत नाही, उलट असलेला बोलून दाखवणे सोपे जाते. जगणेच नको, असे तुला कधी वाटते का? वाटत असेल तर मला सांग. मी रडले तरी थांबू नकोस, सांगत राहा. रात्री तीन वाजता वाटले तर तीन वाजता उठव. माझ्याशी बोलणे जमत नसेल तर केंद्र सरकारने गेल्या सप्टेंबरात सुरू केलेली 'किरण' हेल्पलाइन चोवीस तास चालू असते. तिचा नंबर मी तुझ्या फोनमध्ये घालून ठेवला आहे.

दुसऱ्या वर्षाचे काय, ही चिंता तुला असेल. डॉक्टर म्हणाले तर हे सत्र सोडून देऊ. एखाद्या विषयात एटीकेटी लागली तरी या घरात कुणी आवाज चढवणार नाही, हे बाबांनी मला स्वतःहून सांगितले आहे. तोवर मला तुझ्याकडून अभ्यास नको, वेळापत्रक नको. सकाळी आठ वाजता मी तुझ्या खोलीचा पडदा सारीन आणि चहा ठेवीन. उठणे झाले नाही तर पडून राहा, पण पडदा उघडा राहू दे.

गुरुवारपर्यंत एवढेच कर: रोज किती वाजता झोप लागली आणि किती वाजता जाग आली ते एका कागदावर लिहून ठेव, आणि डॉक्टरांना सांगायचे एखादे वाक्य सुचले तर तेही खाली लिही. तिथे शब्द सापडले नाहीत तर तो कागद त्यांच्यापुढे ठेवता येईल. रिक्षा मी साडेदहाला बोलावली आहे.

तुझी,
आई