ट्रेलरमधली ओल

जालना
दि. १२ डिसेंबर

चि. प्रशांत यास,
अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. ज्वारी पोटरीत आहे.

तू फोनवर म्हणालास, डेन्व्हरला बर्फ पडायला लागलाय, तुझ्या त्या चाकांवरच्या पत्र्याच्या घरात, ट्रेलरमध्ये, हिटर रात्रभर चालतो, तरी सकाळी गादीखाली ओल. तुझी आई दोन वाकळा पाठवायला निघाली होती. पत्र्याला घाम सुटतो, त्याला वाकळ काय करणार!

माझी उभी नोकरी बियाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये झाली. बियाण्याला गारव्याइतकाच कोरडेपणा लागतो, ओल शिरली की उगवण गेली. म्हणून आम्ही भिंतीला आधी गरम डांबर फासायचो, त्यावर आतून थर्माकोल. कारण आपल्याकडे दमट हवा बाहेरून आत शिरते. तुझ्याकडे सगळं उलटं आहे. ओल आतच तयार होते, श्वासातून, चहाच्या आधणातून, आणि गार पत्र्याला जाऊन तिचं पाणी होतं. तेव्हा भिंतीत फोम भरशील तर प्लास्टिकचा कागद फोमच्या आतल्या अंगाला, तुझ्या बाजूला लाव आणि सगळे जोड टेपने बंद कर. बाहेरच्या अंगाला लावलास तर पाणी भिंतीतच मुरेल आणि आतलं लाकूड कुजेल.

गॅसची शेगडी उबेसाठी पेटवायची नाही म्हणजे नाही. एक किलो प्रोपेन जळलं की दीड लिटरच्या वर पाणी वाफ होऊन खोलीत येतं. आणि जळताना निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, झोपेतला माणूस उठतच नाही. ट्रेलरचा मूळ हिटर धूर बाहेर सोडतो, तोच चालव. त्या वायूच्या अलार्मचे सेल आजच बदल. छताची झडप बोटभर उघडी राहू दे. ऊब जाते म्हणून तू ती लावून घेशील, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे.

गादीखाली लाकडी पट्ट्या टाक, खालून हवा खेळली पाहिजे. ट्रेलरच्या पोटाखालून वारा जातो तिथे चारी बाजूंनी जमिनीपर्यंत फोमचे जाड बोर्ड लाव, म्हणजे पाण्याचे पाइपही वाचतील. सांडपाण्याचा व्हॉल्व्ह मात्र सतत उघडा ठेवू नको. थेंब थेंब पाणी नळीत गोठत जातं आणि नळी चोंदते. टाकी भरत आली की एकदम सोड.

खिडकीच्या ॲल्युमिनियमच्या चौकटीचा फोटो पाठव. तिथे काय करायचं ते बघून सांगतो.

तुझे
अण्णा