बंड्याला गांधीलमाशी चावली नव्हती

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

नागपंचमीच्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर तुम्हाला आपल्या कुत्र्याचं, बंड्याचं, तोंड सुजलेलं दिसलं, तेव्हा मी गांधीलमाशी चावली म्हणून सांगितलं. ते खोटं होतं. त्याला साप चावला होता, फुरसं. बाबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला तेव्हा चारच दिवस झाले होते. कळलं असतं तर आई, तू ठाण्याहून रात्रीच्या गाडीने निघाली असतीस, म्हणून बोलले नाही. आता तो दोन वेळा नीट जेवतो, कावळ्यांवर धावून जातो. तेव्हा सगळं लिहिते.

दिवेलागणीची वेळ होती, पाऊस जरा थांबला होता. मागच्या गडग्याखाली घुशीने बीळ केलंय, ते हा चार दिवस हुंगत होता. मी हाका मारतेय आणि हा पुढच्या दोन्ही पायांनी माती मागे उडवतोय, अर्धा बिळात. आधी आवाज आला, तापल्या तव्यावर पाण्याचा हबका मारावा तसा. मग बंड्या एकदाच केकाटला. टॉर्च मारली तर जांभ्याच्या चिऱ्याआड हातभर लांबीचं फुरसं, अंगाला अंग घासत बसलेलं. नाकाच्या बाजूला दोन बारीक लाल ठिपके दिसले. मी काही बांधलं नाही, कापलं नाही, त्याला चालूही दिलं नाही. उचलून पोटाशी धरला आणि शेजारच्या काकांच्या रिक्षातून रत्नागिरी गाठली.

डॉक्टरांनी काचेच्या स्वच्छ नळीत थोडं रक्त घेऊन टेबलावर ठेवलं. म्हणाले, वीस मिनिटं हलवायचं नाही. बाबा, ती वीस मिनिटं मी नळीकडेच बघत होते. चांगलं रक्त एवढ्या वेळात गोठतं. त्यांनी नळी तिरकी केली आणि बंड्याचं रक्त पाण्यासारखं एका बाजूला वाहत गेलं. फुरशाचं विष रक्ताची गोठायची ताकदच काढून घेतं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर माणसांना देतात तेच औषध सलाईनमधून दिलं. हा जेमतेम सहा किलोचा, म्हणून औषध कमी लागेल असं मला वाटलं होतं. तसं नसतं. सापाने सोडलेलं विष तेवढंच असतं, ते मारायला औषधही तेवढंच लागतं. उलट लहान जिवाला धोका जास्त. सहा तासांनी पुन्हा नळी भरली, ती गोठली. मी तिथेच बाकावर रडले.

बाबा, तुम्ही म्हणाल बांधून ठेव. मी दोन दिवस बांधला. त्याने पडवीच्या खांबाची माती उकरली आणि घसा बसेपर्यंत भुंकला. या जॅक रसेल जातीचं रक्तच तसं आहे. इंग्लंडातल्या डेव्हन भागातल्या जॉन रसेल नावाच्या पाद्र्याने कोल्ह्याच्या शिकारीसाठी हे कुत्रे जोपासले. 1819 साली शिकत असताना त्याने एका दूधवाल्याकडून पहिली कुत्री घेतली, तिथून ही परंपरा. कोल्हा बिळात शिरला की मागोमाग शिरायचं आणि तो बाहेर पडेपर्यंत भुंकत राहायचं, हे त्यांचं काम. बंड्याला बीळ दिसलं आणि तो गेला नाही, असं होणारच नाही. म्हणून मी उकरायची जागाच दिली. विहिरीमागे चार चिरे लावून पुळणीची वाळू भरली आहे. रोज संध्याकाळी तीत तीन करवंट्या पुरते, एकीत उकडलेलं अंडं. अर्धा तास तो तिथे रमतो आणि मग गप झोपतो. गडग्याकडे लांब दोरीशिवाय सोडत नाही. गडग्याला लागून वाढलेलं रान आणि पातेरा दोन गडी लावून काढून घेतला.

आई, आता तुझ्यासाठी. बिळात शिरायचं तर कुत्रा बारीक हवा, म्हणून पुढच्या पायांमागे त्याची छाती दोन्ही हातांच्या पंज्यांत मावते का ते बघायची रीत आहे. तुम्ही गेलात त्या दिवशी मी धरून बघितलं होतं, बोटांमध्ये दोन इंच राहत होते. ती तुझी साखर घातलेली दूधपोळी. आज बोटं बोटांना टेकली. दिवाळीला आलीस की तूच धरून बघ. त्याला भात, उकडलेलं अंडं, काटे काढलेला बांगडा पुरतो. पण खिरीतला बेदाणा, कांदा-लसणीचं कालवण एक घाससुद्धा नको, विषच ते त्याला. रोज झोपताना कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड बघते. काल तीन निघाले. रेबीजचं आणि लेप्टोचं इंजेक्शन वेळेवर झालं आहे.

आणि बाबा, खरं सांगते, पत्र लिहायला बसले ते तुमच्यासाठीच. तुम्ही रोज तिन्हीसांजेला अनवाणी कलमांतून फिरता आणि बंड्याचा बॉल गेला की गडग्याच्या फटीत हात घालता. माझ्या लहानपणापासून हे बघत आलेय आणि एकदाही बोलले नाही. त्या रात्री बाकावर बसून मला तुमचा हात दिसत होता. गमबूट आणून ठेवले आहेत, आठ नंबरचे, घालायला सोपे जावेत म्हणून आखूड. मोठी टॉर्च दाराशी अडकवली आहे. बॉल गेला तर जाऊ द्या, नवीन सहा आणलेत.

तो अजून तुमच्या आरामखुर्चीखालीच झोपतो. पोत्यावर तुमचा जुना पंचा आहे, तो मी धुतलेला नाही. आई, ओरडू नकोस, तुम्ही येईपर्यंत राहू दे.

तुमची,
मनू