खालच्या मजल्यावरच्या काकूंना, आईस्क्रीम पायबद्दल

तीर्थस्वरूप काकूंस,
शि. सा. न. वि. वि.

आपण दर रविवारी फोनवर बोलतोच, तरी हे पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहिते आहे. गेल्या महिन्यात इथे अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, मी आपला आईस्क्रीम पाय (कुरकुरीत बुडावर आईस्क्रीम पसरून गोठवलेला गोड पदार्थ) नेला होता. पंधरा मिनिटांत ताट रिकामं झालं आणि चार-पाच जणींनी ‘तुझी रेसिपी दे’ म्हणून लकडा लावला. त्यातला ‘तुझी’ मला सलला. मी तिथेच सांगितलं की ही आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंची. पण त्या गडबडीत कोण ऐकतंय! म्हणून आता नीट लिहून सांगते, म्हणजे कृतीही सगळ्यांना मिळेल आणि ती कुणाची तेही कळेल.

टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओतला तो ऑगस्ट तुम्हालाही आठवत असेल. बाहेर चाळीसच्या आसपास पारा, अपार्टमेंटचा लोखंडी जिना हात लावला तर चटका देणारा. तुम्ही लेकीच्या बाळंतपणासाठी सहा महिने आला होतात. आपली ओळख म्हणाल तर जिन्यात हसण्यापुरती, आणि एकदा तुम्ही बाळाच्या बारशाचे पेढे वर आणून दिलेत तेवढीच.

आमच्या मुलाचा सातवा वाढदिवस शनिवारी होता. त्याने वर्गातल्या मित्राच्या वाढदिवसाला एका टेक्स-मेक्स, म्हणजे टेक्सासच्या धर्तीच्या मेक्सिकन, हॉटेलात ‘फ्राइड आईस्क्रीम’ खाल्लं होतं. व्हॅनिलाचा गोळा, वरून दालचिनी घातलेलं कुरकुरीत कवच, त्यावर मध आणि क्रीम. महिनाभर त्याला दुसरा विषय नव्हता. केक नको, तेच हवं. मला वाटलं, आयुष्यभर करंज्या तळल्या, हे काय अवघड आहे!

शुक्रवारी दुपारी मुलगा शाळेत, हे ऑफिसात, आणि मी एकटीच ओट्यापाशी. गोळे फ्रीझरमध्ये दोनच तास ठेवले होते. ते रात्रभर ठेवून दगडासारखे करावे लागतात, कॉर्नफ्लेक्सच्या चुऱ्याचे दोन थर द्यावे लागतात आणि तेलात काही सेकंदच धरावे लागतात, हे मला नंतर कळलं. माझा पहिला गोळा तेलात पडला आणि एका बाजूने उकलला. वितळलेलं आईस्क्रीम म्हणजे बरंचसं पाणीच. ते पावणेदोनशे-एकशेनव्वद अंशांच्या तेलात गेलं की क्षणात त्याची वाफ होते आणि वाफेला पाण्याच्या सोळाशे-सतराशे पट जागा लागते. सगळं तेल कढईबाहेर आलं. उजव्या मनगटापासून कोपरापर्यंत मला काय झालं ते मी इथे लिहीत नाही. धुराचा अलार्म कोकलत होता आणि मी सिंककडे धावले ते कढईत पाणी ओतायला.

‘पाणी नको गं बाई, पाणी नको!’ हे तुमचं पहिलं वाक्य. दार उघडंच होतं. तुम्ही आधी शेगडी बंद केलीत, कढईवर ताट झाकलंत आणि मगच माझ्याकडे वळलात. माझ्या हातातल्या बांगड्या आणि बोटातली अंगठी सुजायच्या आत काढलीत. हात नळाखाली धरलात, अगदी बारीक धारेखाली. मी बर्फ मागत होते, तुम्ही दिला नाहीत. टूथपेस्ट लावू म्हणाले, तर हातावर चापट मारलीत. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत वीस मिनिटं मोजलीत. वीस म्हणजे वीस. मला मध्ये तीनदा वाटलं की आता पुरे. तुम्ही आयुष्यभर सरकारी दवाखान्यात सिस्टर होतात हे मला त्या वेळी माहीत नव्हतं. मला एवढंच कळत होतं की या बाईंचा हात थरथरत नाही. पुढे डॉक्टरांनीही विचारलं, लगेच पाण्याखाली कुणी धरला? त्यामुळे जखम खोल गेली नाही, असं म्हणाले.

हे झालं हातापुरतं. पत्र लिहिते आहे ते त्या संध्याकाळसाठी.

दवाखान्यातून परत आल्यावर मी सोफ्यावर बसून रडत होते. हाताची आग होत होतीच, पण रडू आलं ते उद्या मुलाला काय सांगू म्हणून. तुम्ही खालून भाताचा डबा घेऊन आलात. सगळं ऐकून घेतलंत. ‘होतं असं’ नाही, ‘काळजी घ्यायला हवी होती’ नाही. तुम्ही विचारलंत, ‘मला सांग, तळून त्या गोळ्याला मिळतं काय? आतलं आईस्क्रीम काही तळलं जात नाही. तळतं ते वरचं साल. मग सालच वेगळं भाजून घेऊ की.’

काकू, मी तो पदार्थ महिनाभर डोक्यात घोळवत होते, व्हिडिओ बघत होते. तुम्ही तो कधी चाखलाही नव्हता. आणि त्यातलं मर्म तुम्हाला एका वाक्यात सापडलं.

आता कृती, मागणाऱ्या सगळ्यांसाठी. साधे, बिनसाखरेचे कॉर्नफ्लेक्स पाच कप, म्हणजे साधारण १४० ग्रॅम. ते पिशवीत घालून लाटण्याने चुरायचे, पण पीठ करायचं नाही. चिवड्यातले मोडके पोहे दिसतात तसे दिसले पाहिजेत. बिनमिठाचं लोणी ८५ ग्रॅम, इथल्या लोण्याची पाऊण कांडी. ब्राऊन शुगर पाव कप, दालचिनीची पूड दीड चमचा, मीठ चिमूटभर. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर लोणी वितळवायचं, चुरा घालायचा आणि परतत राहायचं. इथे तुम्ही मला स्टुलावर बसवलंत आणि डाव्या हातात उलथनं दिलंत. ‘पातळ पोह्यांचा चिवडा केलायस ना? पोहे भाजताना आच वाढवली की काय होतं?’ मी म्हणाले, कडा करपतात आणि मध्ये मऊ राहतात. ‘मग तेच हे.’ पाच-सहा मिनिटांनी साखर घालायची, ती विरघळून चुऱ्याला चिकटली की दालचिनी, आणि लगेच उतरवायचं. दालचिनी आधी घातली तर कडवट होते. त्या वेळी घरभर जो वास सुटला तो हॉटेलातल्या त्या ताटलीचाच होता. मुलगा आतल्या खोलीतून धावत आला, ‘आई, तू केलंस?’

लोण्याचं काम दोन प्रकारचं असतं, हे नंतर तुम्ही समजावलंत. थंडीत ते घट्ट होऊन चुऱ्याला धरून ठेवतं, आणि प्रत्येक तुकड्यावर त्याचा पातळ लेप बसल्यामुळे आईस्क्रीमचा ओलावा चटकन आत शिरत नाही. म्हणून दोन दिवसांनीही तो कुरकुरीत लागतो. लोणी जास्त झालं तर मात्र बुड विटेसारखं होतं आणि सुरीला दाद देत नाही. मी एकदा ती चूक केली आहे.

भाजलेल्या चुऱ्यातला दोन भाग चुरा नऊ इंची पायच्या ताटलीत थापायचा, एक भाग वर पेरायला ठेवायचा. थापायला तुम्ही खालून तुमची स्टीलची वाटी आणलीत. बुडाला लोण्याचं बोट फिरवलंत आणि वड्या थापतात तशी आधी मधून, मग कडेने, मग ताटलीच्या भिंतीवर चढवत थापत गेलात. मी इतकी वर्षं इथे पाय पाहते आहे, इतकी एकसारखी कड मी कुणाची पाहिली नाही. ताटली काचेची असेल तर पूर्ण निवल्याशिवाय फ्रीझरमध्ये ठेवू नका, तडकते. पातळ अॅल्युमिनियमची सगळ्यात बरी, लवकर गार होते.

आईस्क्रीम निवडायची तुमची रीत मी आजही पाळते. दुसऱ्या दिवशीची तयारी म्हणून यांना दुकानात पाठवलंत तेव्हा बजावलंत, ‘एकाच मापाचे दोन डबे दोन हातांत घ्या. जड असेल तो आणा.’ हे परत येऊन म्हणाले, खरंच फरक जाणवतो! हलक्या डब्यात हवा जास्त भरलेली असते. इथल्या नियमाप्रमाणे आईस्क्रीम म्हणवून घ्यायला किमान १० टक्के दुधाची स्निग्धता लागते आणि एका गॅलनचं वजन साडेचार पौंडांपेक्षा कमी चालत नाही. त्यात न बसणाऱ्या डब्यावर बारीक अक्षरात ‘फ्रोझन डेअरी डेझर्ट’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. भारतात ‘फ्रोझन डेझर्ट’ लिहिलं असेल तर त्यात सहसा वनस्पती तेल असतं. पायला ते चालत नाही असं नाही, पण कापल्यावर लवकर पाघळतं असा माझा अनुभव आहे, आणि चवीत दूध कमी लागतं. मी तरी घेत नाही.

दीड क्वार्टचा डबा, म्हणजे १.४ लिटर. त्यातलं साधारण दोन-तृतीयांश लागतं. ते बाहेर काढून पंधरा मिनिटं ठेवायचं, चमचा रुतेल इतपतच. पातळ होऊ द्यायचं नाही. याचं कारण सांगताना तुम्ही थेट मे महिन्याच्या सुट्टीत गेलात. अंगणात लाकडी पॉट, भोवती बर्फ आणि खडेमीठ, हँडल फिरवायला भावंडांच्या पाळ्या. ‘फिरवायला आळस केला की खाताना दाताखाली बर्फाचे खडे यायचे. वितळलेलं आईस्क्रीम परत गोठवायचं म्हणजे न फिरवता गोठवणंच.’ पुस्तकातही हेच सांगितलेलं आहे, बर्फाचे स्फटिक हळूहळू गोठले की मोठे होतात. पण मला ते त्या लाकडी पॉटमुळे कळलं.

मऊ झालेलं आईस्क्रीम निवलेल्या बुडावर पसरायचं, मधोमध थोडं उंच. वर उरलेला चुरा पेरून हलका दाबायचा. झाकून रात्रभर उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये, अगदी मागच्या बाजूला. दाराजवळ ठेवलं तर दर वेळी दार उघडलं की वरचा थर सैलावतो. कापताना सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून घ्यायची. पाणी पुसायला विसरू नका. मध मात्र वाढताना, ताटलीत. मध फ्रीझरमध्येही पूर्ण गोठत नाही आणि आत घातला तर मधला भाग चिकट राहतो, म्हणून.

शनिवारी मुलाने पहिला घास घेतला, डोळे मिटले, आणि म्हणाला, ‘हे तिथल्यापेक्षा मोठं आहे!’ त्याच्या लेखी सगळ्यात महत्त्वाचं तेवढंच होतं. बाकीची मुलं तळलेलं की भाजलेलं हे विचारायलाही थांबली नाहीत. तुम्ही कोपऱ्यातल्या खुर्चीवर नातीला मांडीवर घेऊन बसला होतात आणि माझ्या ताटलीतला तुकडा सुरीने बारीक करून देत होतात, कारण मला उजव्या हाताने चमचा धरता येत नव्हता.

काकू, एक गोष्ट मी तुम्हाला फोनवर कधी बोलले नाही. त्या दिवसानंतर मला कढईभर तेलाची भीती बसली. दिवाळीला मी काहीच तळलं नाही. घरात सगळे समजावत होते की एकदा धीर करून तळ म्हणजे भीती जाईल. सासूबाई व्हिडिओ कॉलवर तेच म्हणाल्या. तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. तुम्ही नोव्हेंबरात ओव्हनमध्ये शंकरपाळे भाजून दाखवलेत, पुढच्या आठवड्यात आप्पेपात्रात कोथिंबीर वडी. भीती कधी जाणार हे विचारलंच नाहीत. भीती असतानाही घरात सण कसा होईल ते बघत राहिलात. अजूनही मी तळण करत नाही, आणि त्याबद्दल मला कुणासमोर ओशाळायला होत नाही. हे तुमच्यामुळे झालं, आणि याचे आभार कसे मानायचे ते मला खरोखर सुचत नाही.

कोल्हापुरात परत गेल्यावर तुम्ही हा पाय कडेच्या स्टीलच्या ताटात केलात आणि ब्राऊन शुगरऐवजी गुळाची पूड घातलीत, हे ऐकून मीही करून पाहिला. गूळ लवकर करपतो, म्हणून अगदी शेवटी, आच बंद करून घातला. चव जास्त खोल आली. यापुढे मी गुळाचाच करणार आहे.

तुम्ही जाताना ती वाटी इथेच विसरलात. तिच्या कडेला तुमच्या सासूबाईंचं नाव ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं आहे आणि खाली तारीख आहे, ४-५-७२. त्यांच्या हातची वस्तू माझ्याकडे राहू नये म्हणून मी तीनदा पाठवते म्हणाले. तीनही वेळा तुम्ही म्हणालात, ‘असू दे, थापायला लागेल.’ परवा मुलाने स्वतः थापायला घेतली. आता तो बारा वर्षांचा आहे. बुडाला लोण्याचं बोट फिरवायचं मी सांगितलं नव्हतं, त्याने बघून ठेवलं होतं.

नातीला गोड पापा. काकांच्या गुडघ्याचं काय म्हणाले डॉक्टर ते रविवारी कळवा.

तुमची,
वरच्या मजल्यावरची