‘पॉपम’ या आडनावाविषयी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरचा लेख आमच्या घरी सर्वांनी वाचला. १७८० साली महादजी शिंद्यांच्या ताब्यातून हा किल्ला घेणाऱ्या इंग्रज कप्तानाचे आडनाव त्यात एके ठिकाणी ‘पोफाम’, दुसऱ्या ठिकाणी ‘पॉफॅम’ आणि चित्राखालच्या ओळीत ‘फोफम’ असे छापले गेले आहे. माझ्या नातीने शाळेच्या प्रकल्पासाठी तो लेख कापून वहीत चिकटवला, तिन्ही शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि ‘आजोबा, यातले बरोबर कोणते?’ असे विचारले. यातले एकही बरोबर नाही, हे तिला सांगावे लागले, आणि त्याचे कारण आपल्या वाचकांनाही कळावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

या कप्तानाचे नाव विल्यम पॉपम. रोमन लिपीत त्याच्या आडनावात ‘पी’ आणि ‘एच’ ही अक्षरे शेजारी येतात आणि आपण सवयीने त्यांचा ‘फ’ करतो. पण येथे ती दोन अक्षरे दोन वेगळ्या शब्दांची आहेत. ‘पॉप’ हे पहिले पद आणि ‘हॅम’ हे दुसरे. जुन्या इंग्रजीत ‘हाम’ म्हणजे घर, वस्ती, वाडी; बर्मिंगहॅम आणि टॉटनहॅम या गावांच्या नावांत तोच शब्द आहे. बोलताना त्यातला ‘ह’ गळून पडतो, म्हणून लंडनमधल्या क्लॅपमला कोणी क्लॅफम म्हणत नाही, आणि त्याच न्यायाने पॉपमचा पोफाम होत नाही.

पॉपम हे मुळात गावाचेच नाव आहे. इंग्लंडच्या हॅम्पशर परगण्यात, बेसिंगस्टोक शहराच्या दक्षिणेला ही अगदी लहान वस्ती आजही आहे, आणि इंग्लंडचा राजा विल्यम द कॉंकररने १०८६ साली करवून घेतलेल्या डूम्सडे या जमीनमोजणीच्या दप्तरातही तिची नोंद सापडते. ‘पॉप’ या पदाचा अर्थ गारगोटी असावा, असे स्थलनामांच्या अभ्यासकांनी काहीशा संकोचाने सुचवले आहे. तेथे जमीन धारण करणारे घराणे स्वतःला ‘पॉपमचे’ म्हणवू लागले. पुढे त्यातला ‘चे’ दर्शवणारा नॉर्मन पद्धतीचा ‘द’ गळाला आणि गावाचे उघडे नावच आडनाव झाले. आपण गावाच्या नावाला ‘कर’ जोडतो, त्यांनी काहीच जोडले नाही, फरक एवढाच. ज्यांचे पूर्वज कोकणातले किंवा देशावरचे गाव सोडून शिंद्यांच्या चाकरीसाठी इकडे आले आणि आज ते गाव ज्यांच्याकडे केवळ आडनावातच उरले आहे, अशा ग्वाल्हेरकर मराठी कुटुंबांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

इंग्लंडमध्येही हे आडनाव विरळच आहे, परंतु ते इतिहासात ज्या ज्या ठिकाणी आढळते त्यांचा पसारा थक्क करणारा आहे. सॉमरसेटमध्ये वसलेल्या शाखेतील सर जॉन पॉपम १५९२ पासून १६०७ मध्ये मृत्यू येईपर्यंत इंग्लंडचे सरन्यायाधीश होते; दर्यावर्दी वॉल्टर रॅलीवरचा १६०३ चा खटला आणि पार्लमेंट उडवून देण्याच्या कटातील गाय फॉक्स व त्याच्या साथीदारांवरचा १६०६ चा खटला त्यांच्याच अध्यक्षतेखाली चालला. त्यांचे पुतणे जॉर्ज पॉपम यांनी १६०७ मध्ये अमेरिकेच्या किनाऱ्यावर, आजच्या मेन राज्यात, एक वसाहत उभारली. ते स्वतः पुढच्याच वर्षी तेथे वारले आणि वसाहतही वर्षभरात मोडली, पण त्या जागेला पॉपम हे नाव चिकटले ते कायमचे.

दोन शतकांनंतर होम पॉपम या आरमारी अधिकाऱ्याने निशाणांची एक भाषा तयार केली, जिच्यात अंक दाखवणारी निशाणे लावून शब्दच्या शब्द कळवता येत. १८०५ च्या ट्रफाल्गरच्या लढाईआधी इंग्रज सेनापती नेल्सनने आपल्या आरमाराला दिलेला प्रसिद्ध संदेश याच भाषेत फडकला. नेल्सनच्या मनात ‘प्रत्येक जण आपले कर्तव्य बजावील अशी इंग्लंडला खात्री आहे’ असे होते, पण ‘खात्री’साठीचा शब्द त्या भाषेच्या शब्दकोशात नसल्यामुळे ‘अपेक्षा आहे’ असे करावे लागले, आणि ‘कर्तव्य’ हा शब्दही कोशात नसल्याने त्याचे एकेक अक्षर वेगळ्या निशाणांनी दाखवावे लागले. मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, ‘पॉपम्स ब्रॉडवे’ नावाचा रस्ता होता, जो आता स्वातंत्र्यसैनिक प्रकाशम यांच्या नावाने ओळखला जातो. तो स्टीफन पॉपम या वकिलाचा, आपल्या किल्ल्याच्या कप्तानाचा नव्हे. दोघांची गल्लत होऊ नये म्हणून हे मुद्दाम नमूद करतो.

आपल्या विल्यम पॉपमबद्दल लेखात बहुतेक सर्व आले आहे, तरी एक गोष्ट सुटली. ३ ऑगस्ट १७८० च्या रात्री शिड्या लावून कड्यावर पहिल्यांदा चढला तो कॅप्टन ब्रूस आणि त्याच्या तुकडीतील शिपाई. पाय घसरू नयेत म्हणून त्यांना कापूस भरलेले लोकरी जोडे दिले होते. पॉपम पलटणी घेऊन मागोमाग आला. किल्ला गोहदच्या राण्याकडे सोपवला गेला, १७८२ मध्ये येथून जवळच असलेल्या सालबाईला इंग्रज व मराठ्यांत तह झाला आणि पुढच्या वर्षी महादजींनी किल्ला परत घेतला. ज्याने आपला किल्ला घेतला, त्याचे नाव आपण नीट का लिहावे, असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. या शहरात आपल्या नावांतला ‘ळ’ किती सहज हरवतो, हे आपण रोज पाहतो. आमच्या गल्लीतील मुळे कुटुंबातील मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर ‘मुले’ असे आले आणि ते दुरुस्त करून घ्यायला त्याच्या वडिलांना अनेक खेपा घालाव्या लागल्या. स्वतःच्या नावासाठी जो इतके हेलपाटे घालतो, त्याने दुसऱ्याचे नावही, मग तो शत्रू का असेना, त्याच काळजीने लिहायला हवे.

म्हणून विनंती अशी की, येत्या रविवारी पुरवणीत दोन ओळींची दुरुस्ती छापून ‘पॉपम’ हे एकच रूप द्यावे. नातीने वहीत त्या लेखाखाली तेवढी जागा मोकळी ठेवली आहे.

आपला नम्र,
एक जुना वाचक
लष्कर, ग्वाल्हेर