‘व सहकारी’ म्हणजे कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला न्येमेनवरचा लेख वाचला. पहिल्यांदा वाटलं, आपलीच नजर चुकली, म्हणून चष्मा पुसून पुन्हा वाचला. पोलंडचा गायक चेस्वाव न्येमेन, त्याच्या आवाजाला दीड रकाना, त्याच्या केसांना नि अंगरख्यांना अर्धा. आणि त्याच्या पहिल्या एलपीवर मागून ज्या बायका गातात त्यांच्यासाठी चार शब्द : ‘साथीला काही कोरस मुली’.

‘काही’ नाही हो, सहा. आणि त्यांना नाव होतं, आलिबाब्की. पोलिशमध्ये बाब्का म्हणजे आजी, पण बोलीत जरा ठसक्यात म्हटलं की ‘बाई’. त्याला अलीबाबा जोडून केलेली ही कोटी. वॉर्सात १९६३ ला सुरू झालेला हा संच १९८८ पर्यंत गात होता. पंचवीस वर्षं! आपल्याकडे ऑर्केस्ट्रा पंचवीस महिने टिकला तरी सत्कार करतात. १९६५ मध्ये त्यांनी जमैकाच्या स्का चालीवर गाऊन रेकॉर्ड काढली. तुमचे लेखक म्हणतात, तिकडे तेव्हा सगळे लष्करी गाणी गात होते. ‘एका रात्रीचं फूल’ हे त्यांचं गाजलेलं गाणं (मला दर वेळी आमच्या कुंडीतलं ब्रह्मकमळ आठवतं). त्यात पुढे कुणी न्येमेन उभा नाही, त्याच गातात.

हे मला कुठून माहीत, असं आपण विचाराल. मुलगा नोकरीसाठी पोलंडात, व्रोत्सवाफला असतो. दोन वर्षांपूर्वी गेले होते तेव्हा तिथल्या जुन्या बाजारात त्यांची रेकॉर्ड मिळाली. कोपरे कुरतडलेले, पण वेष्टनावर नाव ठळक. मी बराच वेळ ते हातात धरून उभी राहिले, कारण मीही कोरसवालीच.

१९७९ च्या गणपतीत मिरजेला आमचा कार्यक्रम होता. आम्ही तिघी एका माइकवर. स्टँडचा खिळा ढिला, त्यामुळे माइक गाण्यागणिक खाली झुकायचा आणि आम्हीही त्याच्यासोबत. मुख्य गायिकेचा घसा तिसऱ्याच गाण्याला बसला. पुढचे सगळे अंतरे आम्ही तिघींनी उचलले, ती नुसते ओठ हलवत होती. वन्समोअर आला, तो तिला. हरकत नाही. पण हँडबिल अजून माझ्या ट्रंकेत आहे. त्यावर गायक, वादक, निवेदक, मंडपवाले, साउंडवाले, झालंच तर पेढ्यांचे देणगीदार अशी सगळ्यांची नावं आहेत. शेवटी ‘व सहकारी’. त्या दोन शब्दांत आम्ही तिघी. रात्री पाकिटात पंधरा रुपये निघाले, तेही तिघींत मिळून. सुटे नाहीत म्हणून पाच रुपयांचं कोडं एसटीत सुटलं.

तेव्हा आपल्या लेखकांना माझं एवढंच विचारणं आहे : ‘काही कोरस मुली’ लिहिताना हात जरा अडला नाही का? बोटभर शोधलं असतं तर नाव सापडलं असतं.

शिवाय चौकटीत म्हटलंय की पोलंडमध्ये मुलींचे गट ‘ऐंशीच्या दशकात अवतरले’. श्चेचिनच्या व्यापारी शिक्षणाच्या शाळेतल्या पोरींचा फिलिपिंकी हा गट १९५९ लाच निघाला होता. पहिली महिला अंतराळवीर तेरेश्कोवा १९६३ मध्ये अंतराळात गेली तर यांनी तिच्यावर ट्विस्ट गायला. त्यांना अवतरायला वीस वर्षं उशीर का करायला लावलात, ते तुम्हीच जाणे.

पोलंड म्हटलं की आपल्या वर्तमानपत्राला फक्त महायुद्धातल्या पोलिश निर्वासितांची, कोल्हापूरजवळची वळिवड्याची छावणी आठवते. आम्हा कोल्हापूरकरांना तिचा अभिमान आहेच, पण छावणी १९४८ ला उठली. त्यानंतरही तो देश चालू आहे.

आणि हो, पुरवणीची चौकट गडद जांभळ्या रंगावर काळ्या अक्षरांत छापण्याची कल्पना कुणाची? माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तरीही पान खिडकीशी नेऊन तिरकं धरावं लागलं. दुरुस्ती छापणार असाल तर कृपया पांढऱ्यावर छापा. आणि नाव ‘आलिबाब्की’ असं एका शब्दात, ‘अली बाबकी’ नको.

आपली नियमित वाचक,
राजारामपुरी, कोल्हापूर