बाबा, पुढची सुई घेण्याआधी

पुणे, १२ जुलै

तीर्थस्वरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

काल फोनवर आई सहज बोलून गेली की बाबांनी या पंधरवड्यात गुडघ्यासाठी पाच सुया घेतल्या. खानापुरात पाऊस लागून राहिलाय, रोप लावण अर्ध्यावर आहे, माणसं मिळेनात, हे सगळं कळतं मला. सुई घेतली की थोड्या वेळात चिखलात उतरता येतं, हेही खरं. पण मला रात्रभर झोप नाही. फोनवर तुम्ही "बरं बरं" म्हणून विषय बदलता, म्हणून लिहितेय. आई, तू हे त्यांना दोनदा वाचून दाखव.

तू चिठ्ठीचा फोटो पाठवलास, त्यावर डायक्लोफेनॅक ७५ मिलिग्रॅम आहे. औषध वाईट नाही, सूज आणि ठणका दोन्ही उतरवतं. पण ही सुई एक-दोन दिवसांची सोय आहे. सलग दोन दिवसांच्या पुढे ती घेत राहायची नसते.

बाबा, तुम्ही म्हणालात, "गोळीनं पोट बिघडतं, सुई थोडीच पोटातून जाते?" गावात सगळेच असं म्हणतात, आणि मला भीती वाटते ती याचीच. शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं बनवतं. गुडघ्यात त्यांच्यामुळे सूज येते आणि दुखतं, पण पोटाच्या अस्तराला आम्लापासून तीच जपतात. औषध रक्तातून अंगभर फिरतं आणि ती द्रव्यं सगळीकडे कमी करतं. कमरेत टोचलं तरी पोटात व्रण होऊन रक्त जाऊ शकतं, आणि आधी पोट दुखेलच असंही नाही.

मूत्रपिंडाचंही तेच. तिथला रक्तपुरवठा टिकवायला हीच द्रव्यं लागतात. तुमच्या बीपीच्या गोळीत टेल्मिसार्टन आहे आणि लघवी वाढवणारं औषधही. त्यावर ही सुई पडली की मूत्रपिंडावर तिहेरी ताण येतो, बीपीही चढू शकतं. शिवाय लावणीच्या दिवसात तुम्ही सकाळपासून घोटभर पाणी पीत नाही. पण हे वाचून बीपीची गोळी मात्र मनानं बंद करू नका.

बाबा, मेलेलं जनावर गावाबाहेर टाकलं की गिधाडं उतरायची, हे तुम्हीच सांगायचा ना? हेच औषध जनावरांना टोचलेलं असायचं, ते मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली. २००६ मध्ये जनावरांसाठी ते आपल्याकडे बंद केलं, तरी माणसांच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जातच राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये माणसांची बाटलीही ३ मिलिलिटरची, एका वेळेपुरती केली. माणसाचं गिधाडासारखं होत नाही, पण मूत्रपिंड माणसालाही आहे.

आई, तू लक्ष ठेव. शौचाला डांबरासारखं काळं, चिकट झालं, उलटीत रक्त किंवा काळपट काही आलं, छातीत दुखलं, दम लागला, तर सकाळची वाट न बघता थेट बेळगावला हलवा. लघवी कमी झाली किंवा पाय सुजले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सुईची जागा लाल, गरम होऊन ताप आला, पाय बधिर वाटला, तरी तसंच. आणि सुई घेतल्यावर लगेच अंगावर गांध्या उठल्या, ओठ सुजले तर दवाखान्यातून हलूच नका.

डॉक्टरांशी भांडायचं नाही. बीपीच्या गोळ्यांचं पाकीट त्यांच्यापुढे ठेवा, पाच सुया झाल्याचं सांगा, त्यांना कुणी सांगितलंच नसेल. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालेल का, तेही विचारा.

मी शनिवारी रात्रीच्या गाडीनं निघतेय. रविवारी वाफ्यात मी उतरते, तुम्ही बांधावर बसून सांगा. सोमवारी बेळगावला जाऊन रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घेऊ, मूत्रपिंड नीट चालतंय का ते त्यावरून कळतं.

आणि गेल्या गणपतीत अंगदुखीच्या गोळ्यांची पाकिटं मीच आणून दिली होती, फडताळात वरच्या डब्यात आहेत. त्याही याच जातीच्या. आई, आज दिवा लावायच्या आधी तो डबा तिथून काढ.

तुमची,
धाकटी